पायी चालणाऱ्याचा अर्ज



सकाळी मोंढ्याकडे निघालेला हमाल, दप्तर पाठीवर टाकून शाळेत जाणारी पोरं, स्टेशनवर उतरून गांधी चमनकडे पायी येणारा खेड्यातला माणूस. आपल्या जालन्याचा रस्ता सगळ्यात जास्त वापरतात ती ही मंडळी, आणि रस्ता आखताना कुणाच्या ध्यानात राहत नाहीत तीही हीच. नालीवरचे ढापे हाच आपल्याकडचा फूटपाथ. एक ढापा जागेवर असतो, पुढचा तुटलेला, त्याच्या पुढच्यावर विजेची डीपी, मग पानटपरी. माणूस नाइलाजाने डांबरावर उतरतो आणि मागून टेम्पो येतो.

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती. हे आकडे केंद्र सरकारचे आहेत.

आपल्याकडे या गोष्टीची तक्रार होते कधी? कुणीतरी गेल्यावर. मग टायर जळतात, रास्ता रोको होतो, तहसीलदार येतात, निवेदन घेतात, आणि रातोरात एक गतिरोधक उभा राहतो. त्या संतापाबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याने आणखी काय करावं? पण तो गतिरोधक नीट बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटीमीटर उंच असावा लागतो. त्यावर पट्टे हवेत, अलीकडे सूचना फलक हवा. आपल्याकडे हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा होतो. ना पट्टा, ना फलक, ना दिवा. चार दिवसांनी अंधारात त्याच्यावरून मोटारसायकल उडते आणि मागे बसलेली बाई डोक्यावर पडते. एका घरचं दुःख आपण उचलून दुसऱ्या घरी ठेवलेलं असतं.

सरकारची रीतही अपघातापासूनच मोजायला लागते. राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावेत, नाहीतर दहा माणसं दगावावीत, तेव्हा त्या जागेला ‘अपघातप्रवण स्थळ’ म्हणतात. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या आपल्या शहागड-वडीगोद्रीच्या माणसाला दहा मरणं मोजत बसायची गरज नाही. कोणत्या वळणावर म्हातारी माणसं अडकतात हे त्याला आजच ठाऊक आहे. ते कागदावर यायला हवं आणि अपघाताच्या आधी यायला हवं. आज मला सांगायचंय ते एवढंच.

पण कागद द्यायचा कुणाकडे? इथेच निम्मी तक्रार मरते. शहरातला एक रस्ता महापालिकेचा, त्याला मिळणारा सार्वजनिक बांधकामचा, पलीकडचा महामार्गाचा, कारखान्यांकडचा एमआयडीसीचा. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळतं, ‘हा आमच्याकडे येत नाही.’ म्हणून पहिला अर्ज माहिती अधिकाराचा करा. दहा रुपयांचं तिकीट, एक विषय, दीडशे शब्द. उत्तर तीस दिवसांत देणं बंधनकारक आहे. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, विकास आराखड्यात त्याची रुंदी किती, शेवटचं काम कधी झालं, कंत्राटदाराचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो, एवढंच विचारा. तो कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायला हवी.

2023 मध्ये आपली नगरपालिका महापालिका झाली, तेव्हा कायदाही बदलला. आता 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. रस्ते राखणं, त्यांवर दिवे लावणं, अडथळे काढणं ही कामं त्याच्या कलम 63 मध्ये बंधनकारक कर्तव्यांत मोडतात. ‘निधी नाही’ हे उत्तर आलं की रतलामची आठवण द्या. मध्य प्रदेशातल्या त्या गावातले एका वॉर्डाचे रहिवासी तुंबलेल्या नाल्या आणि घाणीला कंटाळून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. शिवाय ही माणसं तिथे आपल्या मर्जीने राहायला आली! सेशन कोर्टाने दंडाधिकाऱ्याचा आदेश रद्द केला, हायकोर्टाने तो पुन्हा उभा केला, आणि 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं की तिजोरी रिकामी आहे म्हणून नगरपालिकेला कर्तव्यातून सुटता येणार नाही. ते कलम आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 क्रमांकाने आहे. रतलामच्या लोकांकडे आपल्याहून जास्त काही नव्हतं.

आपल्या राज्यातही असंच घडलं. 2013 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईच्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच जनहित याचिका झाली. 20 मे 2015 च्या आदेशात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सुस्थितीतले रस्ते आणि फूटपाथ हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधला हक्क मानला. पुढे 14 मे 2025 रोजी ओकसाहेबांच्याच खंडपीठाने सर्वोच्च न्यायालयातून पादचाऱ्याचा फूटपाथवरचा हक्क साऱ्या देशासाठी मान्य केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली. महापालिका हद्दीत तो दावा आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीपुढे जातो. भरपाईने माणूस परत येत नाही. पण पैसे द्यावे लागले की खड्ड्याचा हिशेब कुणीतरी ठेवू लागतं.

फेरीवाल्यांविषयी एक बोलतो. फूटपाथ मोकळा करा म्हटलं की पहिला घाव हातगाडीवर पडतो. हे मला मान्य नाही. 2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांसाठी समिती आणि जागा ठरवून दिली आहे. केळीवाल्याची गाडी उचलायची आणि शोरूमपुढच्या चारचाकी तशाच ठेवायच्या, याला रस्ता मोकळा करणं म्हणत नाहीत.

आणि जालन्याची म्हणून एक खास तक्रार. हे लोखंडाचं गाव आहे. इथल्या सळया राज्यभर जातात. गाडीच्या बाहेर मालाचं टोक मीटरभर काढायची मुभा नियमात होती, ती 2014 मध्ये काढून टाकली. तरी सळया मागे लोंबत चाललेला टेम्पो दिसतोच. टोकाला लाल फडकं बांधलं की झालं, असा समज आहे. ते फडकं सायकलवरच्या पोराच्या छातीच्या उंचीवर असतं. गाडीचा नंबर, जागा, वेळ, फोटो वाहतूक शाखेत आणि परिवहन कार्यालयात द्या. आणि माल जिथे भरला जातो तिथल्या मालकांना आपण जाऊन भेटलं पाहिजे. ते आपलेच लोक आहेत.

आता दुसऱ्या अर्जाची जागा, लोकशाही दिन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होतो, महापालिकेतही होतो. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत. अट अशी की तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. गल्लीभरच्या सह्यांचं निवेदन या अटीवर अडू शकतं. मग ज्या बाईचा मुलगा त्या तुटलेल्या ढाप्यावरून शाळेत जातो, तिने आपल्या नावाने अर्ज करावा. शेजारणीने आपल्या नावाने वेगळा करावा. सोबत टेपने घेतलेली मापं आणि तारखेसह फोटो जोडा. जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली. प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना अर्जाची प्रत द्या, एकाला देऊन थांबू नका. आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. उद्या औरंगाबाद खंडपीठासमोर जायची वेळ आली, तर आधी प्रशासनाला कळवलं होतं का, आणि कधी, हे विचारलं जाणारच.