एक कल्पना, दोन मोटारी

श्रोतेहो, हलक्या छकड्याला दांडगे खिलारी बैल जुंपले तर काय होईल, हे तुम्हांला सांगायला नको. छकडा पळेल खरा; पण वळणावर गाडीवानाची परीक्षा होईल, आणि थांबवताना त्याहून मोठी. मोटारींच्या जगातही एकदा हाच प्रयोग झाला. मध्यम आकाराची मोटार घ्यायची आणि तिच्यात मोठ्या मोटारीचे इंजिन बसवायचे. अशा गाड्यांना ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, असे नाव पडले. त्यांतल्या दोन देशांच्या दोन गाड्या आज शेजारी ठेवून पाहू.

पहिली अमेरिकेची, १९६४ सालची पाँटिॲक जीटीओ. मध्यम गाडीत फार मोठे इंजिन घालू नये, असा जनरल मोटर्स कंपनीचाच दंडक होता. पाँटिॲक विभागाचे मुख्य इंजिनियर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. नवी मोटार म्हणून नव्हे, तर टेम्पेस्ट या चालू गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायची सोय म्हणून त्यांनी ते इंजिन दिले. इंजिन ६.४ लिटरचे, शक्ती ३२५ अश्वशक्ती! पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. अमेरिकन तरुणांना हौस होती पाव मैलाच्या सरळ शर्यतीची. तेव्हा गाडीही सरळ धावण्यात पटाईत. ब्रेक मात्र चारही चाकांना जुन्या पद्धतीचे, ड्रमचेच.

दुसरी ऑस्ट्रेलियाची, १९७१ सालची फोर्ड फाल्कन जीटी-एचओ, फेज थ्री. इंजिन ५.८ लिटरचे, म्हणजे थोडे लहानच. दिसायला चार दारांची घरगुती गाडी. पण हिचे लक्ष्य होते बाथर्स्टचा डोंगर. तिथे चढ, उतार आणि वळणे यांतून ५०० मैल धावायचे. शिवाय शर्यतीतली गाडी दुकानात विकली जाणारीच हवी. म्हणून कंपनीने अशा ३०० गाड्या बांधल्या. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. पेट्रोलसाठी वारंवार थांबावे लागू नये, म्हणून १६४ लिटरची टाकी बसवली. त्या वर्षी ॲलन मॉफट यांनी एकट्याने गाडी हाकून ती शर्यत जिंकली.

पाहा, कल्पना एकच. पण जसा रस्ता, तशी गाडी घडली.

शेवटही निराळा झाला. अमेरिकेत विम्याचे हप्ते चढले, १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला, १९७३ साली तेलाची टंचाई आली. १९७४ नंतर जीटीओ बंद पडली. ऑस्ट्रेलियात १९७२ च्या जूनमध्ये ताशी १६० मैलांच्या गाड्या रस्त्यावर येणार, असे एका वृत्तपत्राने छापले आणि गहजब उडाला. थोड्याच दिवसांत कंपन्यांनी पुढच्या गाड्यांचे बेत गुंडाळले. पुढे २००४ साली जीटीओ हे नाव परत आले, ते ऑस्ट्रेलियात बांधलेल्या होल्डन मोनॅरो गाडीवर!

गुरुजनहो, वर्गात एक गणित जरूर सांगा. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ज्या पोराच्या हाती उद्या फटफटीची किल्ली येणार आहे, त्याने गाडी किती पळते, हे तर विचारावेच. पण किती अंतरात थांबते, हे त्याआधी विचारावे.