मागचं दार

  हॉकीचे रूपसिंग ज्या जबलपुरात जन्मले, तिथे खेळाच्या प्रशिक्षकांनी जमावं हे योग्यच झालं. 

अध्यक्षानं वर्षभराचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो मी लिहून आणला आहे. शिबिरं, परीक्षा, प्रमाणपत्रं, शाळांची आक्रसत चाललेली मैदानं, सगळं त्यात आहे. छापील प्रत तुमच्या पिशवीत टाकली आहे, सवडीनं वाचा. मी बोलणार आहे सकाळच्या परिसंवादाबद्दल. त्या विषयावर नोकरीत असताना तोंड उघडण्याची सोय नव्हती. आता नोकरी नाही.

ताऱ्यांनी भरलेला संघ कोचला सांभाळता येतो का, हा तो विषय. सकाळी दोन तट पडले. एक म्हणाला, शिस्त हवी. दुसरा म्हणाला, मोठ्या खेळाडूला शिस्त लावायला गेलात की तो रुसतो, त्याला मोकळं सोडा. तिसरा एक आवाज मागच्या रांगेतून आला, तो मला जास्त झोंबला: "तारे असले की कोणीही जिंकतं, कोचचं त्यात काय?"

आधी या तिसऱ्याला उत्तर देतो. मी बास्केटबॉलचा माणूस, म्हणून तिथलंच सांगतो. मायकल जॉर्डन 1984 साली शिकागोत आला. फिल जॅक्सन मुख्य कोच झाले 1989 मध्ये. पहिलं विजेतेपद आलं 1991 मध्ये. म्हणजे जगातला सर्वांत मोठा तारा हाताशी असताना सहा हंगाम कोरडे गेले. लॉस एंजेलिसला शकील ओनील आणि कोबी ब्रायंट 1996 पासून एकत्र होते, पण जिंकायला लागले ते 2000 पासून, जॅक्सन आल्यावर. आणि ज्यांना वाटतं की चांगला कोच कुठेही चांगलाच, त्यांच्यासाठी 2004 चा उन्हाळा आहे. लॅरी ब्राउन यांनी जूनमध्ये डेट्रॉइटला अमेरिकेचं विजेतेपद मिळवून दिलं, तेही फार मोठी नावं नसलेल्या संघाकडून. दोनच महिन्यांनी अथेन्स ऑलिंपिकला डंकन, आयव्हरसन आणि कोवळा लेब्रॉन घेऊन गेले आणि पोर्टो रिकोकडून एकोणीस गुणांनी हरले. कांस्यपदकावर परत आले. माणूस तोच, वर्ष तेच. मग बदललं काय? डेट्रॉइटचा संघ त्यांचा होता. अथेन्सचा संघ समितीनं निवडलेला, त्यातही ऐन वेळी अनेकांनी अंग काढून घेतलेलं, आणि काही आठवड्यांत गोळा केलेला. पुढच्या वर्षी अमेरिकेनं समिती बाजूला सारून सगळा अधिकार जेरी कोलॅन्जेलो या एका माणसाकडे दिला. त्यानं माइक शिशेवस्की यांना कोच नेमलं. 2008 ला बीजिंगमध्ये सुवर्ण.

आता आपल्या घरात या. चंद्रकांत पंडित. या राज्यात हे नाव घेतल्यावर टाळ्या वाजतात, वाजू द्या. 1999 मध्ये ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते, बंगळुरूला रणजीच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाची आघाडी मिळूनही आपण कर्नाटककडून हरलो. 2022 च्या जूनमध्ये त्याच मैदानावर ते आपले कोच होते. समोर मुंबई, म्हणजे यशस्वी जयस्वाल, सर्फराज खान, पृथ्वी शॉ. आपल्याकडचे व्यंकटेश अय्यर आणि आवेश खान भारतीय संघात गेलेले. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार यांची शतकं, 536 धावा, आणि सहा गडी राखून विजय. मध्य प्रदेशचं ते पहिलं रणजी विजेतेपद. त्याआधी पंडितांनी विदर्भाला सलग दोनदा जिंकवलं होतं, मुंबईलाही जिंकवलं होतं.

पण सकाळी एका मित्रानं म्हटलं की पंडितांची पद्धत अनामिक पोरांवर चालते, ताऱ्यांवर नाही. पुरावा म्हणून त्यांनी कोलकात्याचं नाव घेतलं. तिथे 2023 चा हंगाम खेळलेला डेव्हिड वीसा नंतर म्हणाला की जगभर खेळून आलेल्या परदेशी खेळाडूंना, कसं वागायचं आणि काय घालायचं हे कोचनं सांगितलेलं आवडलं नाही. ठीक आहे. पण 2024 मध्ये तोच कोलकाता संघ पंडित कोच असताना आयपीएल जिंकला, त्याचं काय? लगेच उत्तर येतं, ते तर मार्गदर्शक म्हणून आलेल्या गंभीरचं श्रेय. 2025 मध्ये संघ घसरला, ते मात्र पंडितांचं अपयश. कोचचा हिशेब लिहिण्याची ही रीत मला फार जुनी ओळखीची आहे. आणि अनामिक पोरांचं म्हणाल, तर विदर्भात वसीम जाफर होता. चाळिशी ओलांडलेला, रणजीतला सर्वांत मोठा धावांचा माणूस. 2018-19 मध्ये त्यानं हजारावर धावा केल्या, त्याच कडक कोचच्या हाताखाली. तो रुसला नाही.

रुसतो कोण? माझा अनुभव सांगतो.

मी ज्या खात्याच्या बास्केटबॉल संघाचा कोच होतो त्याचं नाव घेत नाही. जबलपुरात खाती आणि कारखाने पुष्कळ, ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. आमचा सेंटर सहा फूट पाच इंच उंच होता आणि गावात त्याला सगळे ओळखत. रिक्षावाले पैसे घ्यायचे नाहीत. नव्या मुलांनी सामान वाहायचं आणि मोठ्यांनी हात खिशात घालून चालायचं, अशी आमच्या संघात परंपरा होती. ती मी मोडली. नियम केला की मागच्या सामन्यात ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्यानं पुढच्या प्रवासात चेंडूंची जाळी उचलायची. साहजिकच ती दर वेळी सेंटरच्याच खांद्यावर यायची. पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. मग उचलली. नंतर त्याला त्यातच मजा वाटायला लागली. प्लॅटफॉर्मवर चाहते जाळी घ्यायला धावत, तो देत नसे. म्हणायचा, "सर, कल बीस मारे हैं, जाली अपनी ही है." धाकटी पोरं त्याच्याकडे बघून बचाव शिकली, जो मी महिनोन्‌महिने ओरडून शिकवू शकलो नव्हतो. जाळीचा आणि बचावाचा काय संबंध, असं एका सहकाऱ्यानं मला तेव्हा विचारलं होतं. ज्यांनी संघ सांभाळला आहे त्यांना सांगायला नको.

मग एका दौऱ्याच्या सकाळी स्टेशनवर शिपाई हजर. हातात चिठ्ठी. एवढ्या नामांकित खेळाडूनं ओझी वाहणं खात्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, सबब जाळी उचलण्यासाठी माणूस पाठवत आहोत. खेळाडूनं तक्रार केली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. लाज वरच्या मजल्याला वाटली. सेंटर जाळी सोडायला तयार नव्हता, पण साहेबांचा शब्द म्हणून सोडली. त्या दिवशी त्याला एक गोष्ट कळली, की कोचच्या वर एक खोली आहे आणि तिथे आपल्याला चहा मिळतो. दोनतीन महिन्यांत तो सकाळच्या सरावाला येईनासा झाला. रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून यायचे बंद झाले, वरून थेट मंजूर होऊन येऊ लागले. एका सामन्यात मी त्याला उत्तरार्धात बाकावर बसवलं, तर सामना चालू असताना मला बोलावणं आलं. पुढच्या हंगामात मुलं चेंडू कुणाला द्यायचा हे माझ्याकडे बघून ठरवत नव्हती.

म्हणून माझं म्हणणं हे आहे, आणि ते म्हणण्यासाठी मी फार वाट पाहिली आहे: कोचला तारे सांभाळता येतात की नाही, हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातो. तारा हा संघातला सर्वांत हुशार प्राणी असतो. कुणाकडे अधिकार आहे हे त्याला पहिल्या आठवड्यात कळतं. अधिकार कोचकडे असेल तर तो कडक कोचशी जमवून घेतो आणि मऊ कोचशीही. कोचच्या पाठीमागे दार असेल, तर तो त्यातून जातो. तुम्ही-मीही गेलो असतो.

इंदूरच्या होळकर संघाकडे पाहा. 1944-45 पासूनच्या अकरा हंगामांत दहा वेळा रणजीचा अंतिम सामना आणि चार विजेतेपदं. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर, एका हंगामात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा! मुश्ताक अलीसारख्या मनस्वी फलंदाजाला आवर घालणं सोपं का होतं? पण कर्णधार सी. के. नायडूंच्या पाठीशी स्वतः यशवंतराव होळकर उभे होते. नागपूरच्या या माणसाला संस्थानानं आपल्या फौजेतला हुद्दा दिला होता. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? संस्थानी कारभाराचं मी कौतुक करतोय असं उद्या कुणी लिहील. लिहा. एकच दार होतं, एवढंच मी सांगतोय.

बास्केटबॉलमधलं मायामीचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं. 2010 मध्ये लेब्रॉन, वेड आणि बॉश एकत्र आले. कोच एरिक स्पोएल्स्ट्रा, जो अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत कधी खेळला नव्हता आणि ज्याची नोकरी चित्रफिती लावण्यापासून सुरू झाली. पहिल्या सतरा सामन्यांत आठ पराभव. सगळ्यांचे डोळे वरच्या मजल्यावर बसलेल्या पॅट रायलींकडे, कारण 2005 मध्ये त्यांनी असंच कोचला हलवून स्वतः सूत्रं घेतली होती आणि पुढच्या वर्षी जिंकलेही होते. या वेळी ते खाली उतरले नाहीत. 2011 ची अंतिम फेरी हरले तरी उतरले नाहीत. 2012 आणि 2013, दोन्ही विजेतेपदं मायामीची.

याउलट आपल्याकडे 2017 चा जून. भारतीय संघाचे कोच अनिल कुंबळे. कर्णधाराला आपली पद्धत पटत नाही हे त्यांना मंडळाकडून कळलं, आणि चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांत ते पद सोडून गेले. बरोबर कोण होतं यात मी शिरत नाही. सहाशेच्या वर कसोटी बळी घेतलेल्या माणसाचा मान तिथे पुरला नाही, एवढं लक्षात घ्या. 2018 मध्ये महिलांच्या टी-20 विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मिताली राजला बाहेर बसवलं, भारत हरला, आणि मग मितालीचं पत्र मंडळाला, कोच रमेश पोवारांचा अहवाल मंडळाला, हरमनप्रीत आणि स्मृतीचं पत्र मंडळाला. सगळ्यांचा पत्ता एकच. संघाच्या खोलीत बोलायचं होतं ते टपालानं गेलं.

आणि आता अमोल मुजुमदार. 2022 च्या त्या अंतिम सामन्यात मुंबईच्या बाकावर तेच होते. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंना आचरेकर सरांचे शिष्य कोच होते, हे आपल्यापैकी किती जणांनी लक्षात ठेवलं? अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा, भारताकडून एकही सामना नाही. अशा माणसाचं स्मृती मंधाना ऐकेल का, हरमनप्रीत ऐकेल का, असं 2023 मध्ये ते भारतीय महिला संघाचे कोच झाले तेव्हा विचारलं गेलं. 2025 च्या विश्वचषकात साखळीत लागोपाठ तीन सामने हरले. त्यातल्या इंदूरच्या सामन्यात जेमिमाला बाहेर ठेवलं. ती परत आली आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127. मधल्या काळात कुणाचं पत्र कुठे गेल्याचं मी तरी वाचलं नाही. इंदूरच्या पराभवानंतर सर चिडून बोलले, हे हरमनप्रीतनंच सांगितलं, आणि ते मनापासून बोलतात म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतलं, हेही तिनंच सांगितलं. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत करंडक आला.

आता कामाचं. आपल्या मंडळानं कोचच्या नेमणूकपत्राचा एक नमुना तयार करावा. संघ कोण निवडतो, खेळाडूला बाहेर कोण बसवतो, रजा कोण मंजूर करतो आणि तक्रार कुणाकडे जाते, हे त्यात लिहिलेलं असावं. मसुदा कोणी करायचा ते कार्यकारिणी पाहील. सदस्यांचे असे अनुभव गोळा करून एक पुस्तिकाही काढता येईल. पैशाचं काय ते मला ठाऊक नाही, कोषाध्यक्ष मान हलवत आहेत, ती कोणत्या दिशेला हे इथून दिसत नाही.

निरनिराळ्या खात्यांचे अधिकारीही आज समोर बसले आहेत. त्यांपैकी काहींनी एकेकाळी मला चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. त्यांचं म्हणणं असणारच, खेळाडूला दाद मागायला जागा नको का? हवी. छळणारे कोचही असतात, मीही पाहिले आहेत, त्यांच्यासाठी लेखी तक्रार, चौकशी, सगळं असू द्या. पण चहाच्या कपावर संघ बदलणं म्हणजे दाद नव्हे. जेवणानंतरचं सत्र मी मुद्दाम रिकामं ठेवायला सांगितलं आहे. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी तिथे यावं. बोलायला उभं राहताना आपण कोच आहात की अधिकारी, एवढं मात्र आधी सांगावं.