रूपकुंड मी पाहिलेलं नाही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख ‘रूपकुंडला जाऊन आलेला’ अशी करून दिली. सरांसमोर खोटं बोलवत नाही. मी रूपकुंड पाहिलेलंच नाही.

२०१६ साली आपल्या वर्गातले आम्ही चौघे उत्तराखंडात गेलो. लोहाजंग, वाण, बेदनी बुग्याल असं चढत भगवाबासाला पोचलो. वाटाड्याला ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकवून झालं होतं. उंचीवर हवा विरळ होते, हे सरांनी शिकवलं होतं. मी मार्कांपुरतं पाठ केलं होतं. त्या रात्री डोकं फुटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या.

तळं काही तासांवर होतं, ५,०२९ मीटरवर. १९४२ साली तिथं माणसांचे सांगाडे सापडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीही ते अभ्यासले आहेत. पुढे २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं, की ती माणसं एकाच वेळी मेलेली नाहीत. काहींच्या मृत्यूंत हजार वर्षांचं अंतर आहे.

मी म्हणालो, “चढतोच.” आपला शेवटच्या बाकावरचा गडी म्हणाला, “येडा झाला का? चल खाली.” वर्षभर पैसे साठवून आला होता तो. रात्रीच मला धरून खाली आणलं. बाकीचे दोघे वर गेले. ग्रुपवरचा फोटो त्यांचा. तुम्ही माझं अभिनंदन केलंत, मी गप्प बसलो.

२०१८ मध्ये न्यायालयाने बुग्यालांवर मुक्कामाला बंदी घातली आणि तो ट्रेक बंद पडला. त्याचं तळं राहिलं ते राहिलंच.

तो तिसऱ्या रांगेत बसलाय. मला दिलेली ही शाल आणि हा नारळ त्याचा आहे. ये रे, वर ये.