डोक्यावरचा भारा

श्रोतेहो, कासूच्या खाचरातून भाताचा भारा डोक्यावर घेऊन खळ्याकडे निघालेला गडी तुम्ही पाहिलाच आहे. तशीच डोक्यावर ओझी घेऊन एक अख्खी फौज लढाईला गेली होती, हे ठाऊक आहे का?

१९४४ साली ब्रह्मदेशात, आराकानच्या रानात, जपान्यांशी लढायला पश्चिम आफ्रिकेची ८१ वी डिव्हिजन उतरली. नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन, गाम्बिया इथली ही माणसे. कलादानच्या खोऱ्यात धड गाडीवाट नव्हती. विमानांनी टाकलेली रसद आणि दारूगोळा त्यांनी डोक्यावरून वाहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची ४ थी पलटण जपान्यांना अडवीत होती. राज्य इंग्रजांचे, रक्त मात्र यांचे!

युद्ध संपले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोल्ड कोस्टचे माजी सैनिक आक्रा शहरात आपले गाऱ्हाणे मांडायला निघाले. त्यांच्यावर गोळी चालली. तिघे ठार झाले. पुढे ९ वर्षांनी, १९५७ साली, तो देश घाना म्हणून स्वतंत्र झाला.

गुरुजी, वर्गात ब्रह्मदेशाचा नकाशा लावाल तेव्हा सेनापतींची नावे जरूर सांगा. पण ओझे कोणी वाहिले, तेही मुलांना विचारा.