स्वागताध्यक्षांचे भाषण : अमळनेर

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक आणि महाराष्ट्रभरातून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

बोरीकाठच्या, संत सखाराम महाराजांच्या अमळनेरात आपलं मनःपूर्वक स्वागत. मुलग्यांचं शाळेत मन का लागत नाही, यावर आपण दोन दिवस बोलणार आहात. मी व्यापारी माणूस, त्यातलं मला फारसं कळत नाही. गावाबद्दल मात्र बोलू द्या, मंडळींनी वेळही त्यासाठीच दिली आहे.

ज्या विप्रोचं नाव आज जग घेतं, तिची सुरुवात 1945 साली इथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. तिचे शेअर जपून ठेवणारे आमच्याकडे बरेच निघतील. विकून बसलेले बोलत नाहीत. त्याच वर्षी प्रताप महाविद्यालय उभं राहिलं. आणि त्याच्याही आधी, 1916 साली, मोतीलाल माणेकचंद ऊर्फ श्रीमंत प्रतापशेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीमालकाने वेदान्ताच्या अभ्यासाला पैसा द्यावा, अभ्यासकांना शिष्यवृत्ती देऊन ठेवून घ्यावं, हे तेव्हाही नवल होतं. आज साने गुरुजींचं नाव सगळे घेतात, शेठजींचं गावाबाहेर कोणी घेत नाही. म्हणून हे सांगतो, की गुरुजी अमळनेरला आले ते याच तत्त्वज्ञान मंदिरात. तिथून 1924 साली ते इथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. जन्म कोकणात पालगडला झाला असेल, आम्ही त्यांना अमळनेरचेच धरतो.

शाळेच्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं. मुलं नसताना खोल्या झाडायच्या, विस्कटलेली अंथरुणं नीट लावायची, मळके कपडे धुवून टाकायचे. रागावणं नाही, शिक्षा नाही. मुलंच ओशाळून कामाला लागली. मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ ते हाताने लिहून काढत. वर्गातलं शिकवून झाल्यावर हे सगळं! 1930 साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. जेमतेम सहा वर्षांचं हे काम.

आता विषयाकडे येतो. 2024 च्या दहावीच्या निकालात राज्यात मुली 97.21 टक्के उत्तीर्ण झाल्या, मुलगे 94.56 टक्के. लेकींचं कौतुकच आहे. पण मागे राहणारा मुलगा घरी काही सांगत नाही. नापास झाला की ‘वावरात चल’ म्हणून बाप त्याला घेऊन जातो आणि विषय तिथेच संपतो. त्याला बोलतं करायला रोज संध्याकाळी कोणीतरी जवळ हवं, एवढंच माझं अडाणी मत.

व्यवस्थेबद्दल क्षमा मागतो. निवास तीन ठिकाणी विभागावा लागला. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल. मंडपवाल्याने कबूल केलेले पंखे अजून वाटेत आहेत. वरण-बट्टी आणि भरीत पोटभर आहे; तिखट सोसत नसेल त्यांनी वाढप्याला आधीच सांगावं. मंगल कार्यालय विनामूल्य देणारे, धान्य-तेल पुरवणारे व्यापारी बांधव, वर्गणीला नाही न म्हणणारे डॉक्टर-वकील मित्र, रात्रभर सतरंज्या अंथरणारे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि दोनशे पाहुण्यांच्या बट्ट्या करणाऱ्या भगिनी, सर्वांचा मी ऋणी आहे. कोणी राहून गेलं असेल तर रागावू नये, जेवायला नक्की यावं.

शेवटी एक विनंती. उद्या ठराव लिहाल तेव्हा वसतिगृहांच्या अधीक्षकांसाठी एक ठराव ठेवा. त्यांच्याकडची हजेरी-हिशेबाची कामं कमी करा आणि संध्याकाळ त्यांना मुलांसाठी मोकळी ठेवू द्या.