पाडायच्या आधी विचारा

गोदीत एक रीत आहे. पेटी फुटलेली आली तर आधी टॅलीवाला कागदावर लिहितो, मगच आम्ही हात लावतो. नाहीतर खापर हमालावर. मी मॅट्रिकपर्यंतचा माणूस, कायदा वाचायला बसलो की डोळे मिटतात. पण अमेरिकेतल्या एका कायद्यात हीच रीत सापडली आणि झोप उडाली.

१९४९ पासून तिथं वॉशिंग्टनच्या पैशानं वस्त्या साफ होत होत्या. कुणाच्या? काळ्यांच्या. ‘नगरसुधार म्हणजे निग्रो हटाव’, असं ती माणसंच म्हणायची. १९६६ साली कायदा आला. त्याचं कलम १०६ सांगतं : केंद्राचा पैसा लागणार असेल तर आधी बघा, कुठल्या ऐतिहासिक वास्तूला धक्का बसतो. विचारा, मग काय ते करा. पाडू नका असं कुठंही लिहिलेलं नाही हां. नुसतं विचारा.

१९७४ नंतर गृहनिर्माण खात्याचा निधी शहरांच्या हाती गेला, आणि विचारायचं कामही शहराकडंच आलं. म्हणजे घण त्याचाच, चौकशीही त्याचीच! राज्याच्या कचेरीला कागद धाडायचा, तीस दिवस थांबायचं, उत्तर नाही आलं की पुढं चला. काही शहरं आधीच पाडून मोकळी व्हायची. म्हणून १९९२ ला दुरुस्ती झाली : चौकशी चुकवायला मुद्दाम पाडलं तर पैसा बंद. त्यातही केंद्राला सूट द्यायची फट ठेवलीच.

न्यू ऑर्लिन्स बघा. २००५ ला कतरिना वादळ झालं. १९४० च्या दशकातल्या विटांच्या चार सरकारी वसाहती, सुमारे साडेचार हजार घरं, राहणारे काळे. कलम १०६ ची विचारपूस झाली. २० डिसेंबर २००७ ला नगरपरिषदेनं एकमतानं पाडायला मंजुरी दिली. बाहेर अडवलेल्या लोकांच्या डोळ्यांत पोलिसांनी तिखट फवारा मारला. कागद पुरा, घर गायब.

तरी त्या कायद्यातली एक गोष्ट मला हवी आहे. तिथं फक्त नक्षीदार गॅलरीला इतिहास म्हणत नाहीत; कोण राहिलं, काय घडलं हेही मोजतात. आणि रहिवाशाला लेखी अर्ज करून बोलणीत जागा मागता येते. द्यायची की नाही, ते पुन्हा साहेबच ठरवणार, म्हणा.

आपल्याकडं २५ जून २०१६ ला दादरचं आंबेडकर भवन पाडलं. बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना तिथंच होता. बुलडोझर पहाटेच्या अंधारात आला. तेव्हा कुणी कुणाला विचारलं होतं?

परवा आमच्या चाळीच्या जिन्याजवळ नोटीस चिकटली. ‘धोकादायक’, एवढाच शब्द. आईनं ती दोनदा वाचून घेतली आणि भाड्याच्या जुन्या पावत्यांचा डबा खाली काढला. येत्या रविवारी आम्ही खोली-खोलीत वही घेऊन फिरणार आहोत : कोण कधी आलं, कुठल्या गिरणीत होतं, सभा कुठल्या गच्चीवर व्हायच्या, जुना फोटो कुणाकडं आहे. ज्यांचं अक्षर बरं आहे त्यांनी सकाळी नऊला या. माझं अक्षर वाईट आहे.