संगणकाचा पत्ता

भारतीय डाकखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू केला. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने ही योजना आखली. संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. योजनेचे मर्म असे की, पत्त्यातील अंकांनी पत्राला टप्प्याटप्प्याने वाट दाखवावी. आरंभीचे ४०३ हे अंक पाहिले की पत्र गोव्याकडे धाडावयाचे, एवढे दिल्लीत पत्रांची वर्गवारी करणाऱ्याला कळते. ते म्हापशाच्या कोणत्या घरी द्यावयाचे, याची विवंचना त्याने करावयाची नसते. ती म्हापशाच्या पोस्टमनने करावयाची.

इंटरनेट या जगड्व्याळ जाळ्याचा कारभारही याच तत्त्वावर चालतो. त्यातील संगणकाच्या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. २०३.०.११३.२५ असे त्याचे रूप असते: चार संख्या, मधे टिंबे, आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधली. पत्त्याचा आरंभीचा भाग जाळे दाखवितो, शेवटचा भाग त्या जाळ्यातील यंत्र. येथे पहिल्या तीन संख्या जाळ्याच्या मानल्या, तर २५ हा यंत्राचा क्रमांक होय. जाळे लहान वा मोठे असेल त्याप्रमाणे ही सीमा मागेपुढे सरकते. वाटेवरील राउटर नावाची यंत्रे जाळ्याचा भाग तेवढा पाहून संदेश पुढे धाडतात. यंत्र शोधण्याचे काम शेवटच्या मुक्कामावर होते.

परंतु या व्यवस्थेला एक मर्यादा होती. संगणक ० आणि १ ही दोनच चिन्हे जाणतो. पत्त्यासाठी अशा चिन्हांची ३२ घरे राखलेली. त्यांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. १९८१ मध्ये ही रचना निश्चित झाली तेव्हा जाळ्यात संगणक थोडकेच होते आणि हा साठा अक्षय्य वाटावा इतका मोठा होता. पुढे संगणक घरोघर आले, मोबाईल हातोहाती गेले, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातील शेवटचे पाच गठ्ठे पाच प्रादेशिक संस्थांना वाटून ते कोठार रिते झाले.

टंचाईत माणसे जे करतात तेच येथेही घडले. एका घरातील, कधी कधी शेकडो ग्राहकांची, यंत्रे बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता वापरू लागली; चाळीतल्या सर्व बिऱ्हाडांची पत्रे एकाच पेटीत पडावीत तसे. शिवाय पत्ता कायमचा न देता काही काळापुरता देण्याचाही प्रघात पडला. सकाळी एकाकडे असलेला पत्ता सायंकाळी दुसऱ्याकडे जातो.

यातूनच सावधगिरीची गरज उत्पन्न होते. पत्ता वाट दाखवितो. माणूस ओळखून देत नाही. हे विसरल्याचे फळ २००७ मध्ये बंगळूरच्या एका तरुणाला भोगावे लागले. इंटरनेटवरील आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात एका आयपी पत्त्याच्या नोंदीवरून पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. ती नोंदच चुकीची होती. त्या निरपराध माणसाचे ५० दिवस तुरुंगात गेले.

म्हणून आयपी पत्ता पुरावा म्हणून पुढे आला, तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी आणि किती जणांत वाटलेला होता, हे आधी विचारले पाहिजे. १२८ घरांचा नवा पत्ता, आयपीव्ही६, आता पसरत आहे. त्यातील पत्त्यांची एकूण संख्या लिहावयास ३९ अंक लागतात. टंचाईचा प्रश्न त्याने सुटेल. परंतु तो पत्ताही यंत्राचाच राहील. त्या यंत्रासमोर कोण बसले होते, हे ठरविण्याचे काम माणसाच्या विवेकाचे आहे, आणि ते कोणत्याही अंकांवर सोपविता येणार नाही.